चोविसाव्या हिश्शातली टॅक्सी

पूर्ण झालेल्या मॉडेलचे छायाचित्र हा आमच्या छंदातला सर्वांत देखणा आणि सर्वांत निरुपयोगी ऐवज आहे, असे माझे मत आता पक्के झाले आहे. मोटारींची प्लास्टिकची प्रमाणबद्ध मॉडेले बांधणारी आम्ही माणसे गावोगावी विखुरलेली आहोत आणि एकमेकांना सतत काही ना काही दाखवत असतो. काळ्या कागदावर ठेवलेली, दिव्याचे प्रतिबिंब बॉनेटवर झळकवणारी लाल गाडी पाहून सगळे ‘अप्रतिम’ म्हणतात आणि आपापल्या कामाला लागतात. त्याच गाडीचे दहा दिवस आधीचे छायाचित्र, ज्यात टपावर राखाडी प्रायमर आहे, दाराच्या कडेला पुट्टीचा डाग आहे आणि चाकांचा पत्ता नाही, ते दाखवले की मात्र प्रश्नांची रीघ लागते. थिनर किती घातला, रंगाच्या दोन हातांमध्ये किती वेळ सोडला, पुट्टी कोणत्या नंबरच्या वॉटर पेपरने घासली, हवा कोरडी होती की दमट. या छंदात जे काही शिकता येते ते या प्रश्नांच्या उत्तरांमध्ये असते, आणि गाडी पूर्ण झाली की त्या उत्तरांवर क्लिअर कोट, म्हणजे वरचा पारदर्शक थर, चढून ती दिसेनाशी होतात.

बाहेरच्या माणसाला हे सारे लहान मुलांच्या खेळण्यासारखे वाटते, आणि त्यात त्याचा दोष नाही. पण १/२४ या प्रमाणाचा हिशेब एकदा मांडून पाहावा. खऱ्या गाडीतले २४ मिलिमीटर म्हणजे मॉडेलवरचा १ मिलिमीटर. दार आणि मडगार्ड यांच्यामधली खऱ्या गाडीतली पाच मिलिमीटरची फट इथे जेमतेम ०.२ मिलिमीटर उरते. प्लास्टिक लहान होते, फट लहान होते, पण रंगाचा थर काही प्रमाणात लहान होत नाही. प्रायमर, रंग आणि क्लिअर मिळून मॉडेलवर मिलिमीटरचा दहावा हिस्सा जाडी झाली, तर प्रमाणाच्या हिशेबाने ती खऱ्या मोटारीवर जवळजवळ अडीच मिलिमीटर जाडीचा रंग दिल्यासारखी होते. जुन्या देवळाच्या कोरीव खांबांवर दरवर्षी ऑइलपेंटचे हात देत गेले की नक्षी जशी बुजत जाते, तशी दारांची फट, बॉनेटवरची रेघ आणि काचेभोवतीची पट्टी रंगाखाली बुजत जाते. म्हणून रंगाला हात लावण्याआधी ब्लेडच्या पाठीने सगळ्या फटी थोड्या खोल करून घ्याव्या लागतात. किटसोबतच्या, म्हणजे सुट्या भागांच्या डब्यासोबतच्या, सूचनापत्रिकेत हे बहुधा लिहिलेले नसते. कोणी तरी कोणाला सांगितलेले असते.

असे सांगणे-विचारणे या छंदात पूर्वीपासून होते का, असा प्रश्न मला नेहमी पडतो. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी विभागाने १९३० ते १९६८ या काळात मुलांसाठी एक स्पर्धा चालवली होती. आरंभी नेपोलियनकालीन घोडागाडीची हुबेहूब प्रतिकृती करायची असे, पुढे स्वतःच्या कल्पनेतल्या मोटारीचे मॉडेल करायची मुभा मिळाली. बक्षिसाला शिष्यवृत्त्या असत, आणि १९४७ चा एक विजेता, चक जॉर्डन, पुढे त्याच कंपनीच्या रचना विभागाचा उपाध्यक्ष झाला. परीक्षक काम इतके बारकाईने तपासत की त्या मुलांच्या हाताला शिस्त लागली असणार यात शंका नाही. मात्र प्रत्येकाने आपले मॉडेल आपल्या घरात स्वतः घडवून स्पर्धेला पाठवायचे, ही तिची मूळ अट होती, आणि तेवढ्यासाठी मला त्या स्पर्धेविषयी आदर असला तरी हेवा वाटत नाही. ओहायोतल्या एखाद्या मुलाच्या हातून चाकांच्या आऱ्या तडकत असतील आणि टेक्ससमधल्या दुसऱ्याला त्यावरचा उपाय सापडला असेल, तरी पहिल्याला तो नेमका त्या आठवड्यात कळण्याचा मार्ग नव्हता.

प्लास्टिकच्या किटचा उगमही काहीसा तिथलाच. अमेरिकेतल्या एएमटी या कंपनीने १९४८ पासून मोटारविक्रेत्यांसाठी नव्या गाड्यांची छोटी प्रचारमॉडेले केली, आणि १९५८ मध्ये एकाच डब्यातून मूळ, सजवलेली किंवा शर्यतीची अशी तीन प्रकारे जोडता येणारी गाडी बाजारात आणली. अमेरिकन किट बहुधा १/२५ प्रमाणाची असतात, जपानी १/२४ ची. हा फरक नावाला चार टक्क्यांचा, पण चार मीटर लांबीच्या गाडीत तो साडेसहा मिलिमीटरच्या पुढे जातो, त्यामुळे एका डब्यातले इंजिन दुसऱ्या डब्यातल्या गाडीत बसवू पाहणाऱ्यांच्या तक्रारींना अंत नाही. जपानमधल्या शिझुओकाची तामिया ही कंपनी मुळात लाकडाच्या वखारीतून वाढलेली. तिच्या शुनसाकू तामिया यांनी १९७० च्या दशकात पोर्शेच्या मॉडेलसाठी खरी पोर्शे ९११ विकत घेऊन ती सुटी केली, ही गोष्ट आमच्यात एखाद्या संतकथेसारखी सांगितली जाते. मला त्या कथेतली भक्ती कळते. मात्र आमच्यासारख्यांनी ती आदर्श म्हणून पुढे ठेवू नये, असेही वाटते, कारण खरी गाडी विकत घेऊन सुटी करण्याची ऐपत नसलेल्या माणसांनी एकमेकांच्या मापांवर विसंबूनच हा छंद चालवलेला आहे.

हवामानाची गोष्ट घ्या. रंगांच्या डब्यावर लिहिलेल्या सूचना ज्या देशात लिहिल्या जातात तिथल्या खोलीसाठी असतात. कोकणात जुलै महिन्यात लॅकर जातीचा रंग फवारला की थोड्याच वेळात काळा रंग दुधाळ दिसू लागतो. थिनर भराभर उडून जाताना पृष्ठभाग थंड करतो, हवेतली वाफ त्या थंड थरावर निवते आणि रंगात पाणी अडकून पांढुरकी झाक येते. रत्नागिरीच्या एका मित्राचे पावसाळ्यातले काम पाहून आम्हाला हे नीट उमगले. याच्या बरोबर उलट अनुभव नागपूरच्या एका मित्राचा. मे महिन्याच्या दुपारी पारा ४५ अंशांपर्यंत गेलेला असताना त्याच्या फवाऱ्यातले थेंब गाडीवर पोहोचण्याआधी हवेतच वाळतात, आणि पृष्ठभाग बोटाला पॉलिश पेपरसारखा खरखरीत लागतो. दोघांनी आपापली अर्धवट, बिघडलेली टपे शेजारी शेजारी मांडली, तेव्हा गंमत अशी निघाली की दोन उलट आजारांवर औषध एकच आहे. थिनरमध्ये थोडा रिटार्डर घातला की रंग हळू वाळतो. कोकणात अडकलेल्या पाण्याला बाहेर पडायला सवड मिळते आणि विदर्भात थेंबांना गाडीवर टेकून एकमेकांत मिसळायला. नागपूरकर आता शिवाय पहाटेच रंग देतात, आणि रत्नागिरीकरांनी जून ते सप्टेंबर हा काळ घासकामासाठी राखून ठेवला आहे. दोघांपैकी एकाने जरी फक्त पूर्ण झालेली गाडी दाखवली असती, तर ही जोडी जुळलीच नसती.

साहित्याच्या बाबतीतही हेच. परदेशी हत्यारे आणि रंग मागवताना किमतीपेक्षा वाहतुकीचा आणि कराचा आकडा मोठा होतो, म्हणून प्रत्येकाने आपल्या गल्लीत काय मिळते याचा शोध घेतलेला असतो. मोटारींच्या रंगाच्या दुकानात मिळणारा दोन हजार नंबरचा वॉटर पेपर आणि रबिंग कंपाउंड आमच्या कामाला उत्तम चालतात. इंजेक्शनच्या बारीक सुईची नळी कापून सायलेन्सरचे टोक होते, टाचणीची एरियल होते, जुन्या इयरफोनच्या वायरीतले तंतू स्पार्क प्लगच्या तारा होतात. काचा बसवायला झटपट चिकटणारा सायनोअ‍ॅक्रिलेट गोंद वापरला तर त्याच्या वाफेने काचेवर धुरकट पांढरा थर बसतो, म्हणून तिथे साधा पांढरा फेव्हिकॉल, जो वाळल्यावर पारदर्शक होतो. जुन्या किटमधले मऊ टायर प्लास्टिकच्या रिमला वर्षानुवर्षे टेकून राहिले की टायरमधले मऊ ठेवणारे द्रव्य रिममध्ये झिरपते आणि रिम अक्षरशः वितळते. कपाटातला ठेवणीतला डबा उघडून पाहा आणि टायर आधी वेगळे काढा, हा सल्ला मला इतर कोणत्याही सल्ल्यापेक्षा मोलाचा वाटतो.

मात्र जुगाडाचे जे कौतुक चालते त्याला माझी थोडी हरकत आहे. काचेभोवतीची क्रोमची पट्टी स्वयंपाकघरातल्या अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलने करता येते हे खरे आहे, पण ते फॉइल जाड असते आणि कोपऱ्यावर त्याची घडी दिसते. या कामासाठी खास मिळणारे, मागे चिकट थर असलेले फॉइल कितीतरी पातळ असते, आणि नवे कोरे ब्लेड घेऊन ते कापले तर पट्टी धातूची वाटते. स्वस्तात केले हे सांगण्याचा आनंद काही जणांना गाडी चांगली दिसण्यापेक्षा जास्त होतो. त्यांच्याशी माझे जमत नाही, तरी सुईच्या नळीची युक्ती त्यांच्यातल्याच एकाची आहे, हेही सांगायला हवे.

कॅमेऱ्याने या सगळ्यात एक विचित्र न्यायाधीश आणून बसवला आहे. हातात धरलेली सोळा सेंटिमीटरची गाडी डोळ्यांना निर्दोष दिसते. तिचे छायाचित्र मोठे करून पाहिले की बंपरवरची साच्याची रेघ, रंगात अडकलेला धागा, एका दिव्याचा किंचित तिरका कोन, सगळे उघडे पडते. या कठोरपणाचा सर्वांत चांगला उपयोग रंग देण्याआधी होतो. प्रायमरवर तिरपा उजेड टाकून काढलेले चित्र तीन-चार अनुभवी डोळ्यांसमोर ठेवले तर टपावरचा खळगा हाताला लागण्याआधी त्यांना दिसतो. दुरुस्ती शक्य असताना सांगितलेला दोष कोणालाही आवडतो, आणि गाडी काचेच्या पेटीत गेल्यावर सांगितलेला तोच दोष कोणालाही आवडत नाही. आमच्यातले जे ज्येष्ठ आहेत ते म्हणूनच आधी एवढेच विचारतात, की काम अजून चालू आहे ना? ‘हो’ असे उत्तर आले तर ते दोष सांगतात, नाही तर ‘छान झाली आहे’ म्हणून थांबतात. या पद्धतीला मी ढोंग मानत नाही.

आता ज्या गाडीमुळे हे सारे लिहायला बसलो तिच्याकडे येतो. मर्सिडीज, फेरारी, निस्सान, बीटल, मिनी यांची किट हवी तितकी मिळतात. आपल्याकडे जिप्सी म्हणून धावलेल्या सुझुकीच्या जातीतल्या गाड्याही डब्यात सापडतात, विलीज जीप तर विचारूच नका. पण मुंबईची काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी मला कोणत्याही कॅटलॉगात आजवर दिसलेली नाही. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट या नावाने निघालेली, १९७४ मध्ये पद्मिनी झालेली, आणि मुंबईकरांच्या तोंडी शेवटपर्यंत ‘फियाट’च राहिलेली ही गाडी. टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली, आणि वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून गेली. किट नाही म्हटल्यावर ती सगळ्यांनी मिळून घडवायची असे ठरले.

पहिला प्रश्न मापांचा. छायाचित्रावरून माप घेणे दिसते तितके सोपे नाही, कारण फोन जवळ धरून काढलेल्या चित्रात गाडीचे नाक फुगते आणि शेपूट आकसते. म्हणून नियम केला, की गाडीपासून शक्य तितके लांब उभे राहायचे, झूम वापरायचा, कॅमेरा चाकाच्या केंद्राच्या थोडा वर, गाडीच्या बरोबर मध्यासमोर धरायचा. पद्मिनीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर २३४० मिलिमीटर आहे, म्हणजे मॉडेलवर ९७.५. प्रत्येक चित्र कागदावर असे छापायचे की चाकांमधले अंतर नेमके ९७.५ मिलिमीटर यावे, आणि मग पट्टीने उरलेली मापे घ्यायची. एकाने दादरच्या एका इमारतीच्या आवारात झाकून ठेवलेली खासगी गाडी मोजली, एकाने म्हापशाच्या गॅरेजात उभी असलेली. इटलीत नोकरीला असलेल्या एका मराठी मित्राने तिथली जुनी फियाट ११०० गाठली आणि मागच्या मडगार्डांच्या टोकदार कडांची चित्रे सर्व बाजूंनी काढून पाठवली. दादरची आणि म्हापशाची जाळी जुळेना, तेव्हा कळले की समोरची जाळी बदलत गेली होती आणि दोन गाड्या वेगवेगळ्या काळातल्या होत्या. मग प्रत्येक मापासोबत गाडीचे साल लिहायचा दंडक आला, आणि मला वाटते या सबंध कामातला सर्वांत शहाणा निर्णय तोच होता.

मूळ नमुना ठाण्याच्या मित्राने घडवला. प्लास्टिकच्या शीटचे थर चिकटवून, पुट्टी भरून, घासून. त्यावरून सिलिकॉनचा साचा आणि साच्यातून रेझिनच्या प्रती, म्हणजे एकाच्या मेहनतीची गाडी अनेकांच्या टेबलावर. रेझिन घट्ट होताना किंचित आकसते, त्यामुळे नमुना कणभर मोठा ठेवावा लागला. आमच्यातल्या तरुणांनी संगणकावर आराखडा करून थ्रीडी प्रिंट काढायचा आग्रह धरला होता, आणि दिवे, आरसे, जाळी असे बारीक भाग शेवटी तसेच झाले. त्यांच्या फाइली झटक्यात सगळ्यांकडे पोहोचतात ही सोय मोठी आहे. माझा आक्षेप एवढाच, की फाइलमध्ये माप कुठून आले हे दिसत नाही, आणि सुबक दिसणारी वक्ररेषा बरोबर असेलच असे नाही. दादरच्या गाडीला पट्टी लावून आलेला माणूस मला जास्त विश्वासाचा वाटतो.

वाद बारीकसारीक गोष्टींवर झाले आणि ते मनापासून झाले. टॅक्सीचा काळा रंग अगदी काळा द्यावा का? लहान वस्तूवर गडद रंग आणखी गडद दिसतो, गाडी काजळाच्या डबीसारखी सपाट वाटते, म्हणून काळ्यात थोडा राखाडी मिसळावा या मताचा मी आहे. निम्म्या जणांना ते पटले नाही. नंबरप्लेटवरची अक्षरे नियमाप्रमाणे ६५ मिलिमीटर उंचीची, म्हणजे मॉडेलवर २.७ मिलिमीटर, आणि अक्षराच्या रेघेची जाडी अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी. ती हाताने रंगवणे शक्य नाही, डिकल, म्हणजे चिकटवायचे छापील चित्र, छापावे लागले. जुना यांत्रिक मीटर गाडीच्या बाहेर, डाव्या बाजूला, काचेच्या पुढे बसवलेला असे, हे तरुणांना ठाऊकच नव्हते. त्यांनी तो डॅशबोर्डवर बसवला होता. त्या मीटरचा झेंडा, म्हणजे भाडे बसले की खाली पाडायची पट्टी, पितळेच्या पत्र्यातून कापायचा, आणि तो वर ठेवायचा की खाली पाडलेला, यावरही बरीच चर्चा झाली.

या चर्चेत सर्वांत उपयोगी टीका मॉडेल न बांधणाऱ्या माणसाची निघाली. आमच्यातल्या एकाचे वडील अनेक वर्षे टॅक्सी चालवत होते. मुलाने त्यांना प्रायमर मारलेली गाडी दाखवली, तेव्हा त्यांनी ती हातात फिरवली आणि म्हणाले, “ही शोरूममधली गाडी आहे, स्टँडवरची नाही. मागून बसलेली कुठाय?” पद्मिनीला मागे पाट्यांच्या स्प्रिंगा, वजन पडले की दबणाऱ्या. नंतरच्या काळात सीएनजीची टाकी डिकीत बसली, तिचे वजन कायमचे मागे आले, आणि सामानाला जागा उरली नाही म्हणून बॅगा टपावरच्या कॅरिअरवर चढल्या. आम्ही कॅरिअरच्या नळ्यांची जाडी मोजत बसलो होतो, पण कॅरिअर भरलेला का असे याचा विचार केला नव्हता. काकांनी पुढच्या सलग सीटवरच्या रेक्झिनचा आणि स्टीअरिंगखालच्या हँडगिअरच्या गोळ्याचा रंगही सांगितला, आणि मीटरचा झेंडा कोणत्या बाजूने धरून खाली पाडत ते हातवारे करून दाखवले.

तेव्हापासून दोन टॅक्सी करायचे ठरले आहे. माझी १९८० च्या दशकातली, डिकीत टाकी नसलेली. ठाण्याच्या मित्राची २००३ ची, टाकीसह. दोन्ही गाड्यांच्या मागच्या उंचीत फरक किती ठेवायचा यावर आमचे एकमत झालेले नाही. मी अर्धा मिलिमीटर म्हणतो, म्हणजे खऱ्या गाडीत १२. त्याला पूर्ण एक मिलिमीटर हवा आहे. शेवटी प्रश्न काकांकडे गेला, तर त्यांनी आम्हालाच विचारले, “मागं भाडं बसलंय की गाडी खाली आहे, ते आधी ठरवा.”